बोलणारे किमान दोन

शहापूर,
१० नोव्हेंबर २०२४

वंदना मावशीस नमस्कार.

फोन सोडून पत्र लिहितेय ते तुझ्याच सांगण्यावरून. तुमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, तिथे अख्खी आळी ऐकते. घरी येऊन बोलावं तर तुझ्या सासूबाई, धोंडाबाई आजी, कान देऊन बसतात. पत्र मात्र त्यांना वाचता येत नाही, म्हणून हे बरं.

काम असं आहे. मी एक खेळ तयार करतेय. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकजण गोष्ट सांगतो, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं. समजा तू दरोडेखोर झालीस. तू म्हणालीस, मी भिंतीवरून उडी मारते. उडी जमली की नाही ते फासा ठरवणार. प्रत्येकाजवळ एक कागद असतो. आपल्या पात्राला काय काय येतं ते त्यावर गुण देऊन लिहायचं: पोहणं, झाडावर चढणं, खोटं बोलणं. असे खेळ इंग्रजीत पुष्कळ आहेत. मी आपल्या मुलखातला करतेय.

अडलंय भाषेपाशी. काही खेळांत भाषा येते किंवा येत नाही, एवढंच. काहींत शून्य ते पाच पायऱ्या. काहींत टक्के: चाळीस टक्के येत असेल तर शंभरपर्यंत आकडे असलेला फासा चाळीसच्या आत पडला तरच समोरच्याचं बोलणं कळलं. शिवाय सगळ्यांना येणारी एक सामायिक भाषा ठेवतात, म्हणजे खेळ कुठे अडत नाही. मी पायऱ्या घेतल्यात आणि तीन नियम केलेत. मातृभाषा फुकट. दुसऱ्या भाषांना पायरीमागे एक गुण, एकूण गुण दहा. आणि बोलणारे किमान दोन असल्याशिवाय भाषा कागदावर धरायची नाही.

झेरॉक्सच्या दुकानात माझ्याबरोबर काम करणारा शेखर म्हणतो, भाषेचं प्रकरण काढूनच टाक, सगळ्यांना सामायिक भाषा देऊन मोकळी हो. बारा जानेवारीला वाचनालयाच्या खोलीत पहिल्यांदा खेळायचंय. तोवर मला ठरवलं पाहिजे.

तू मुरबाडच्या बाजारात कोणाशीही बोलतेस. एक कोरा कागद जोडलाय. त्यावर तुझंच पात्र भरून पाठव.

तुझी,
मनस्वी


सरळगाव, ता. मुरबाड,
१८ नोव्हेंबर

चि. मनस्वी,

पत्र पोचलं. पोस्टमनने ते सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि मला विचारलं, कोनाचं लगीन हाय? मी म्हटलं, कोणाचं नाही, खेळ आहे. त्या म्हणाल्या, मंग लगीनच.

तुझा खेळ मी दोनदा वाचला. जिंकतं कोण ते कुठेच लिहिलेलं नाही. विसरली असशील तर लिही. कोणीच जिंकत नसेल तर लोक उठून घरी कधी जातात ते तरी लिही.

आता पायऱ्यांचं. बाजारात माझ्या शेजारी सकुबाई बसते, ठाकराची. ती कोनफळं आणते, मी वाल आणि अंडी. भावाची घासाघीस ती तिच्या बोलीत करते, ती मला शंभर टक्के कळते. तिच्या लग्नातलं गाणं मला शून्य कळलं. तिची सून गेली तेव्हा ती माझ्याजवळ दोन तास बोलत होती. शब्द एक कळला नाही आणि सगळं कळलं. ही कितवी पायरी? बाई गं, भाषेला जिना नसतो. तिला खोल्या असतात. एका खोलीत आपण जातो-येतो, दुसरीला कुलूप असतं.

आणि वाचणं वेगळं धर. मी दुसरीतून शाळा सोडली आणि तिशीत वाचायला शिकले, खताच्या गोण्यांवरून. पहिला शब्द युरिया. बोलता येणं आणि वाचता येणं एकाच गुणात घालू नकोस. नाहीतर सासूबाई तुझ्या खेळात मुक्या ठरतील, आणि तसं आजवर कोणाला जमलेलं नाही.

कागद भरला आहे. मराठी फुकट. ठाकरी दोन. हिंदी दोन, कल्याणच्या व्यापाऱ्यापुरती. इंग्रजी एक, त्यात चार्जर, बॅलन्स आणि सॉरी. उरलेले पाच गुण शेवटच्या ओळीत घातले. तिथे भाषेचं नाव लिहिलेलं नाही. विचारू नकोस.

थंडी पडायला लागली आहे. स्वेटर घाल, फोटोपुरता नको, खरोखर.

मावशीचे आशीर्वाद.


शहापूर,
२६ नोव्हेंबर

मावशी,

खोल्यांचं तुझं म्हणणं मी नियमांत घेतलंय. आता पायरीऐवजी खोली: बाजार, घर, देव, भांडण, दुःख. शेखरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मावशीला दुकानात घे, मला काढ.

कोणी जिंकत नाही. भूक लागली की लोक घरी जातात.

पण शेवटच्या ओळीचं काय? पाचच्या पाच गुण, आणि नाव नाही? मी इथे पैजा लावून बसलेय. शेखर म्हणतो गुजराती, काका भातगिरणीवर गुजराती शेठजींकडे कामाला होते म्हणून. मी म्हणते कातकरी. तू लाजतेस म्हणजे शिव्यांची भाषा असणार, असं आईचं मत आहे.

नियम मात्र नियम. नाव नसलेली भाषा कशीबशी चालवून घेईन, पण बोलणारे किती ते लिहावंच लागेल. एकच बोलणारा असेल तर मला ती ओळ खोडावी लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस. खेळात ज्या भाषेत उत्तर देणारं कोणी नाही तिच्यावर फासा टाकायचा तरी कशाला?

तुझी,
मनस्वी


सरळगाव,
५ डिसेंबर

चि. मनस्वी,

बोलणारे एक.

तरी खोडू नकोस. आधी ऐक, मग तुझी पेन्सिल आणि तू.

ती च ची भाषा आहे. हसलीस ना? मला माहीत होतं. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, त्याजागी च लावायचा आणि काढलेलं अक्षर शेवटी ठेवायचं. भाकरीचं होतं चाकरीभ. पोरं चार दिवस बोलतात आणि सोडून देतात. तुझे काका आणि मी एकतीस वर्षं बोललो.

लग्न होऊन आले तेव्हा घरात एकच खोली. सासूबाईंसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही अशी तेव्हा रीत होती. पहिल्याच आठवड्यात हे जेवताना ताटाकडे बघून म्हणाले, "चीठम चमीक." मला वाटलं घास अडकला. मी पाणी दिलं. रात्री ह्यांनी समजावून सांगितलं: मीठ कमी. तेव्हापासून आम्ही सासूबाईंच्या नाकासमोर सगळं बोलायचो. त्या भात कालवत बसलेल्या असायच्या.

एक गंमत आहे. च ने सुरू होणाऱ्या शब्दाचं काय करायचं? चहा हा चहाच राहतो. म्हणून हे उघड उघड "चहाच" मागायचे. सासूबाई म्हणायच्या, चहाच कशाला, भाकर बी खा.

मला वाचायला आलं तेही ह्याच भाषेमुळे. शब्दातून एक अक्षर वेगळं काढता येतं हे मला शाळेत कळलं नव्हतं. ते जेवताना कळलं. मग गोणीवरचा यु वेगळा दिसायला लागला.

आणखी एक सांगते, मग गप्प बसते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ते मी कधी घेतलं नाही, आताही लिहिणार नाही. पण त्या भाषेत मी ह्यांना चारचौघांत हाक मारायचे. चेरूक. आणि हे मला चंदनाव म्हणायचे. वंदनाचं चंदन ह्या भाषेनेच केलं.

वाईट काही बोललो नाही आम्ही. थोडंसं बोललो. सासूबाईंच्या घोरण्याला आम्ही गिरणी म्हणायचो. पण आमचं नशीबच भलं. तेव्हा भाजी त्याच करायच्या, मीठ कमी म्हटलं की दुसऱ्या दिवशी बरोबर पडायचं. आम्ही भाषेत ठरवायचो, म्हशाच्या जत्रेला जाऊ, चत्रेलाज चाऊज, आणि विचारायचं कसं म्हणून रात्रभर घोर. सकाळी त्या आपणहून म्हणायच्या, जा दोघं म्हशाला, माझ्यासाठी घोंगडी आना. अशा तीन घोंगड्या झाल्या.

तीन वर्षं झाली ह्यांना जाऊन. आता भाजी मीच करते. मीठ कमी पडलं तर सांगणारं कोणी नाही. सासूबाई काही न बोलता जेवतात.

म्हणून म्हणते, खोडायचं तर खोड, पण रबराने. पेनाने नको.

मावशी


शहापूर,
१२ डिसेंबर

चावशीम,

चाझंम चुकलंच.

बरोबर आहे का? हे दोन शब्द लिहायला मला पाच मिनिटं लागली. मी शिकते. मग बोलणारे दोन होतील आणि ओळ कागदावर राहील. शेखरलाही शिकवते, त्याचं तसंही अर्धं बोलणं कळत नाही.

पण मावशी, तुझं पत्र मी खेळ करणारीच्या नजरेने पुन्हा वाचलं. मीठ दुसऱ्या दिवशी बरोबर. जत्रेला जा, आपणहून. तेही तीनदा. आमच्या खेळात एक नियम आहे. कोणी चोरून ऐकत असेल तर गोष्ट सांगणारा पुठ्ठ्याच्या आड फासा टाकतो. आकडा खेळणाऱ्यांना दिसत नाही, त्यांना वाटतं आपलं गुपित गुपितच आहे. कोणाचा फासा बरोबर पडला ते मागाहून कळतं, आणि तुमच्या घरी ते मिठावरून कळतं.

एकतीस वर्षं समोर बसून ऐकल्यावर भिंतीलाही भाषा आली असती. तू मनातल्या मनात आजींच्या कागदावर च च्या भाषेपुढे शून्य लिहिलंस. कोणाला विचारून?

एकदा बघ. त्यांच्यासमोर त्या भाषेत काहीतरी बोल. मांजराशी बोल हवं तर. आणि दुसऱ्या दिवशी काय होतं ते कळव.

चुझीत,
चनस्वीम


सरळगाव,
२४ डिसेंबर

चि. मनस्वी,

तुझी अक्षरं बरोबर आहेत, पण तू लिहितेस. ती बोलायची भाषा आहे, भरल्या तोंडाने. लिहिलेली बघितली की वाटतं कोणीतरी ह्यांचा सदरा दोरीवर वाळत घातला आहे. रागावून सांगत नाही. शीक. पण मला त्यात लिहू नकोस.

तुझ्या डोक्यातलं खूळ मला आवडलं नाही. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. त्यांना सरळ बोललेलं तीनदा सांगावं लागतं. मी आठ दिवस तुझ्यावर धुसफुसत होते.

मग डिंकाचे लाडू केले.

डॉक्टरांनी सासूबाईंचं गोड बंद केलं आहे, त्यामुळे लाडू कुठे ठेवते ते मी त्यांना सांगत नाही. ह्या वेळी मोजून एकवीस केले. त्या वाल निवडत बसल्या होत्या. मांजर चुलीशी होतं. मी मांजराकडे बघून म्हटलं, "चाडूल चिठाच्याप चब्यातड." तीन वर्षांनी तोंडातून निघालं ते. मांजर उठून गेलं. सासूबाईंनी मान वर केली नाही, वाल निवडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले आणि पिठाचा डबा उघडला. घाईघाईत मोजले. वीस.

उंदीर असेल.

दुपारी त्या नेहमीसारख्या म्हणाल्या, चहाच दे. रोज म्हणतात, वर्षानुवर्षं. बिस्कीट नको, चहाच. आज मात्र मी गाळणी हातात धरून उभी राहिले. आता हे मराठी की ते, कसं ओळखायचं? तुझ्या नियमांत आहे का काही? दोन्ही भाषांत एकच शब्द, एकच चेहरा, आणि माणूस दारातल्या कोंबडीकडे बघतंय.

मावशी


शहापूर,
३० डिसेंबर

मावशी,

उंदराने डब्याचं झाकण परत लावलं का, एवढंच लिही.

आणि विचारून टाक. मी बारा तारखेपर्यंत तुझी ओळ खोडत नाही. रबरानेही नाही.

मनस्वी


सरळगाव,
६ जानेवारी २०२५

चि. मनस्वी,

झाकण लावलेलं होतं. घट्ट.

तुझं कार्ड आलं त्यानंतर मी तीन दिवस विचारायचं ठरवत होते. विचारू काय? आई, तुम्ही लाडू खाल्ला का, की आई, तुम्ही आमचं एकतीस वर्षं ऐकलंत का? पहिलं विचारायला सोपं आणि दुसऱ्याची भीती. खरं सांगते, त्यांना कळत नाही असं निघालं असतं तर मला जास्त वाईट वाटलं असतं. मांजराशी बोलल्यापासून मी आशा धरून बसले होते.

शेवटी मी विचारलंच नाही. शनिवारी माझ्या हातून डाळीत मीठ घालायचं राहिलं. मुद्दाम नाही, शपथ. दोघी जेवायला बसलो. त्यांनी एक भुरका मारला, ताटाकडे बघितलं, आणि ह्यांच्यासारखंच मान न उचलता म्हणाल्या,

"चीठम चमीक."

मी उठून मीठ आणलं नाही. तशीच बसून राहिले.

मी विचारलं, "आई, तुमाला कळतं?"

"कळाया काय झालंय? मीठ नाय तं नाय."

"कवापास्नं?"

त्यांना हसू आलं. तुला ठाऊक आहे, त्यांचे पुढचे दात नाहीत, हसल्या की लहान पोर दिसतात. म्हणाल्या, "चेरूलाक चीचम चिकवलीश."

तू मनात उलटून घेशील, पण मी सांगते, कारण मला ते लिहायचं आहे. केरूला मीच शिकवली. बघ, लिहिलं मी नाव. सासूबाईंचं वाक्य आहे, माझं नाही, त्यामुळे चालतं.

त्यांची गोष्ट अशी. ह्यांचे आजोबा, म्हणजे सासूबाईंचे सासरे, मोठे कडक. घरात गूळ असायचा पण तो त्यांच्या उशाशी. सासूबाई आणि चार वर्षांचे हे, दोघं त्या म्हाताऱ्यासमोर बसून बोलायचे. चूळग चुठेक. गूळ कुठे. म्हातारा झोपला की पोर उशीखाली हात घालायचं. सासूबाईंना ही भाषा त्यांच्या मैत्रिणीने, जिवलीने, भातलावणीच्या वेळी चिखलात उभ्या उभ्या शिकवली होती. म्हणजे हे बोलायला शिकले तेव्हा मराठी आणि ही, दोन्ही बरोबरच शिकले. आणि मी एकतीस वर्षं समजत होते की ती आमच्या दोघांची.

मी विचारलं, मग तुम्ही कधी बोलला का नाही? त्यांनी आधी स्वतःच मिठाचा डबा ओढून डाळीत मीठ घालून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमी दोघं बोलायचात, मला बरं वाटायचं. मधी तोंड घातलं आसतं तं गप झाला आसतात. पोरगा हसतोय, सून हसतेय, मी कशाला दिवा मालवू?"

"आनि गिरणी?"

"ती बी ऐकली. तू घोरतेस ती कांडणयंत्र हाय. केरूच सांगायचा मला, तू झोपलीस की."

म्हणजे हे दोन्हीकडे बोलत होते गं. तुझ्या खेळात अशा माणसाला काय म्हणतात ते मला कळव.

मग मी जे विचारायचं होतं ते विचारलं. हे गेल्यावर तरी का नाही बोललात? तीन वर्षं मी एकटी होते. त्या म्हणाल्या, "तू बोलायची थांबलीस गो. मी कोनाशी बोलू?"

डाळ गार झाली. नंतर आम्ही ती खाल्ली.

आता कागदाचं. माझा कागद परत पाठवते, दुरुस्त करून. बोलणारे दोन. आणि एक चूक तुझ्या लक्षात आणून देते. ती तुझ्या काकांची मातृभाषा निघाली, आणि तुझ्याच नियमाने मातृभाषेला गुण लागत नाहीत. ती मी लग्नात घेऊन आले नाही, मला इथे मिळाली, तेव्हा माझ्याकडूनही पाच गुण घेणं बरं नाही. ते परत कर. दोन सकुबाईच्या बोलीत घाल, दुःखाच्या खोलीत. तीन राखून ठेव, मला अजून काय काय कळत नाही ते बघू.

शेखरला सांग, सामायिक भाषा ठेवू नकोस. सगळ्यांना सगळं कळतंय हे माहीत असतं तर आमच्या घरी जेवताना कोणी हसलं नसतं.

बाराला आम्ही दोघी येतो. सासूबाईंना पण कागद दे. नाव धोंडाबाई, पोहणं शून्य, झाडावर चढणं शून्य, खोटं बोलणं पाच. त्यांच्या भाषेच्या रकान्यात काही लिहू नकोस, कोरा ठेव. तो फासा पुठ्ठ्याच्या आडच टाकायचा.

म्हशाची जत्रा परवा आहे का तेरवा, असं त्या सकाळपासून तीनदा विचारून झाल्या. तेरा तारखेला आहे. तिथून तुला चौथी घोंगडी पाठवते.

बाहेरून हाक येते आहे. चंदनाव म्हणून. जाते.

तुझी,
वंदना मावशी

ता. क. – पत्र बंद करत होते तर सासूबाईंनी विचारलं, काय काय लिहिलं. वाचून दाखवलं. लाडवाच्या जागी त्यांनी थांबवलं आणि पुढची ओळ घालायला लावली. त्यांच्याच शब्दांत घालते: चाडूल चोनद चाल्लेख. मी अजून एकाही लाडवाला हात लावलेला नाही, म्हणून पुन्हा जाऊन डबा मोजला. खरं आहे. एकोणीस.